दोन डाव्या पायांची पेटी

नंदाताई शेजवळ दिंडोशीच्या कोर्टात शिपाई होत्या. पक्षकारांची नावं पुकारायचं काम त्यांच्याकडे आलं ते योगायोगानं. नेहमीचा पुकारणारा एकदा तापानं घरी होता, तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, आज तुम्ही बघा." नंदाताईंनी दारात उभं राहून नाव पुकारलं, आणि खालच्या मजल्यावर चहा पीत बसलेला माणूस अर्धा कप तिथंच टाकून जिन्यानं धावत वर आला. त्यानंतर रिटायर होईपर्यंत ते काम त्यांच्याकडून कुणी काढून घेतलं नाही.

त्यांचे मिस्टर रतनभाऊ सुतार. पण घरोघरी कपाटं करणारे नव्हेत. गोरेगावच्या स्टुडिओंमध्ये सेट लावायचे. राजवाडा, तुरुंग, बंगला, मंदिर, पोलीस चौकी, सांगाल ते. गुडघे गेले तशी दोन वर्षांपूर्वी त्यांनी कामाला रामराम केला आणि तेव्हापासून ते टीव्हीसमोर बसून असत. मालिकेतली माणसं रडत असोत की लग्न करत असोत, रतनभाऊंची नजर त्यांच्या मागे. "तो खांब बघ, हलला! टेकू नीट दिला नाही लेकांनी." नंदाताई रिटायर होऊन घरी आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की दिवसभर खांबांच्या चुका ऐकत बसणं आपल्याच्यानं होणार नाही.

मुलगी प्रियंका लग्न होऊन ठाण्याला गेलेली. वडिलांचं असं बसून राहणं तिला बघवत नव्हतं. त्यांच्या वाढदिवसाला ती आली ती मोठ्या उत्साहात, हातात मोबाइल पुढे धरून.

"पप्पा, तुमच्यासाठी काय केलंय बघा. मुलुंडला एक वर्कशॉप आहे. सहा रविवार. मध्ययुगातल्यासारखी लाकडी पेटी बनवायची, सगळं हातानं. खिळा नाही, स्क्रू नाही, मशीन नाही. मी तुमचं नाव घातलंय."

रतनभाऊंनी केकचा तुकडा बशीत परत ठेवला.

"कोण शिकवणार?"

"मीरा म्हणून आहे एक. परदेशात शिकून आलीय. तिकडच्या चर्चमध्ये सहाशे-सातशे वर्षं जुन्या पेट्या असतात ना, त्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे होती."

"वय काय तिचं?"

"असेल तेहतीस-चौतीस."

"बत्तीस वर्षं मी करवत चालवली," रतनभाऊ म्हणाले. "ती पाळण्यात होती तेव्हा मी सिंहासन केलंय. आणि आता ती मला पेटी शिकवणार? दोनशे पेट्या केल्यात मी! खजिन्याच्या, दरोडेखोरांच्या, राणीच्या दागिन्यांच्या."

"पण पप्पा, त्या प्लायच्या होत्या ना."

हे बोलायला नको होतं. रतनभाऊ उठून गॅलरीत गेले. प्रियंकाचं तोंड एवढंसं झालं. भरलेली फी परत मिळणार नव्हती, आणि त्याहून जास्त लागलं होतं ते वडिलांना दुखावल्याचं.

नंदाताईंनी उरलेला केक झाकून ठेवला. मग म्हणाल्या, "माझं नाव घाल."

"आई, तू?"

"का? मला हात नाहीत?"

गॅलरीतून आवाज आला, "पटाशी कुठल्या बाजूनं धरायची ते तरी माहितीय का तिला?"

"नाही माहीत," नंदाताई गॅलरीकडे बघत म्हणाल्या. "चौतीस वर्षं संसार केला, तुम्ही एकदा तरी हात लावू दिलात का हत्याराला? 'कापशील, कापशील' म्हणून पिशवी माळ्यावर. आता कापून घेते, बघू काय होतं ते."

त्या रविवारी त्या पवईवरून फिरून जाणाऱ्या बसनं मुलुंडला पोचल्या. स्टेशनपासून लांब, जुन्या औद्योगिक वसाहतीतला तळमजल्यावरचा गाळा. शेजारच्या गाळ्यात पुठ्ठ्याचे खोके बनत, त्यामुळे आत शिरताना खळीचा वास आणि आत गेल्यावर सागाचा. भिंतीला लागून जुन्या पाडलेल्या चाळींचे सागवानी वासे उभे केलेले. मीरा बुटकी, केस कापलेली, डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी. आठ शिकणारे होते आणि दोघांत एक टेबल.

नंदाताईंच्या टेबलाला परेश आला. वर्सोव्याचा कोळी, तिशी ओलांडलेला. घरची होडी वडील हरेश्वर बघायचे, हा मासळीला बर्फ पुरवायच्या धंद्यात. "आमच्या आयसला, म्हणजे आईला, पेटी पायजे," तो पहिल्याच मिनिटाला म्हणाला. "आयसचा, कृष्णाबाईचा हुकूम. पत्र्याची नको, सडते खाऱ्या हवेनं. बाजारची नको, लाकूड खोटं असतं. मग कुठली? तर तू कर!" त्याला दर वाक्यानंतर हसायची सवय होती.

समोरच्या टेबलावर घाटकोपरचे चंद्रप्रकाश होते. टॅक्सचं काम करायचे. सोबत स्वतःची स्टीलची पट्टी घेऊन आले होते. ते एकेक माप चार वेळा घ्यायचे, वहीत लिहायचे, आणि कापायची वेळ आली की पाचव्यांदा घ्यायचे.

मीरानं पेटी कशी असते ते सांगितलं. चार रुंद उभे पाय, त्यांच्यामध्ये आडव्या फळ्या. पायाला उभी खाच, फळीच्या टोकाला जीभ, जीभ खाचेत बसते आणि आरपार लाकडी खुंटी मारली की झालं. झाकणसुद्धा लाकडाच्याच खुंट्यांवर फिरतं. "गावातले महत्त्वाचे कागद, पैसे, कपडे, सगळं अशा पेटीत ठेवायचे," ती म्हणाली. नंदाताईंना लगेच कोर्टातली मुद्देमालाची खोली आठवली. तिथं अशी एखादी पेटी असती तर कपाटाचं दार उघडायला दर वेळी लाथ मारावी लागली नसती.

पहिल्या रविवारी पेटी दूरच, लाकूडसुद्धा कापलं नाही. सबंध दिवस दगडावर पटाशीला धार लावली. दोघेतिघे कंटाळले. नंदाताई कंटाळल्या नाहीत. पाणी टाकायचं, पातं टेकवायचं, एका कोनात पुढे-मागे. साधं वाटायचं आणि साधं नव्हतं. संध्याकाळी मीरानं त्यांची पटाशी उचलून आपल्या हातावरची लव कापून बघितली आणि मान डोलावली. चहा आला तेव्हा शेजारच्या गाळ्यातलं मशीन धडधडत होतं, मीराची हाक कुणाला ऐकू जाईना. नंदाताईंनी एकदाच हाक दिली. बाकीचे सातच्या सात जण आले. पुठ्ठेवाल्याकडचे दोन कामगारही आले.

घरी रतनभाऊंनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "काय केलं?"

"धार लावली."

"दिवसभर?"

"दिवसभर."

रतनभाऊंनी टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणाले, "लाकूड कुठलं आहे?"

"साग. जुन्या चाळींचा."

"हं," एवढं म्हणून ते पुन्हा मालिकेकडे वळले.

दुसऱ्या रविवारी सरावासाठी एका तुकड्यात खाच पाडायची होती. नंदाताईंनी तो तुकडा पिशवीत घालून घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. सकाळी त्या अंघोळ करून बाहेर आल्या तर रतनभाऊ खिडकीपाशी उभे. तुकडा डोळ्याजवळ धरलेला आणि अंगठा खाचेच्या आतल्या भिंतीवरून हळूहळू फिरतोय. पावलं ऐकून त्यांनी तो पटकन टेबलावर ठेवला आणि पाण्याचा तांब्या उचलला. नंदाताईंनी बघितलं नाही असं दाखवलं. पण त्या दिवशी त्यांनी गाणं गुणगुणत भाजी चिरली.

तिसऱ्या रविवारपर्यंत त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. फायलींचे गठ्ठे उचलून उचलून दंडात ताकद होती, आणि पुकारा होईपर्यंत तासन् तास दारात उभं राहायची सवय. रंधा मारायला लागल्या की ढलप्या लांबच लांब निघायच्या. परेश त्या उचलून कानावर ठेवायचा. "मावशी, तू चल आमच्या बंदरावर. होडीच्या फळ्या तूच घास." बाकीची मंडळी येऊन त्यांचं काम बघायची, आणि नंदाताईंना ते आवडायचं. अगदी मनापासून आवडायचं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची नावं पुकारली होती, आता त्यांचं नाव घेतलं जात होतं.

त्यातूनच घोटाळा झाला.

चौथ्या रविवारी पुढच्या दोन पायांना खाचा पाडायच्या होत्या. मीरानं सकाळीच बजावलं होतं, "प्रत्येक पायावर खडूनं लिहा, डावा की उजवा. दोन्ही शेजारी ठेवून बघा, मगच पटाशी लावा." नंदाताईंना वाटलं, लिहायचं काय त्यात? लहान मुलं आहोत का आपण? त्यांनी एक पाय पूर्ण केला. तळाला नक्षीचा कापही घेतला. तो समोर ठेवून अगदी तंतोतंत तसाच दुसरा केला. खाचेच्या कडा अशा सरळ की चंद्रप्रकाशांनी स्वतःची पट्टी लावून बघितली आणि "वा" म्हणाले.

परेशनं दोन्ही पाय उचलून उभे केले, मध्ये फळी धरली, आणि त्याचं हसणं थांबलं.

"मावशी. दोन्ही डावे."

"म्हणजे?"

"याची खाच आत येते. याची पण त्याच बाजूला. म्हणजे बाहेर."

नंदाताईंनी बघितलं. एका पायाची खाच फळीकडे तोंड करून होती, दुसऱ्याची भिंतीकडे.

"उलटा कर ना," कुणीतरी म्हणालं.

"उलटा केला तर पाऊल छताला," परेश म्हणाला. तळाचा काप आधीच घेऊन झाला होता.

चंद्रप्रकाश हळूच म्हणाले, "माप मात्र अगदी बरोबर आहे हो."

मीरा आली. तिनं रागवायला हवं होतं असं नंदाताईंना वाटलं, पण ती शेजारी स्टूल ओढून बसली. "हे प्रत्येकाचं एकदा होतं. माझं दोनदा झालंय. तेवढ्या रुंदीची फळी आता इथं नाही. नवी मागवते, पण यायला दोन आठवडे लागतील. मग तुमची पेटी या बॅचबरोबर पुरी होणार नाही. पुढच्या बॅचमध्ये करू."

"बरं," नंदाताई म्हणाल्या. त्यांनी हत्यारं पुसून जागेवर ठेवली आणि बसमध्ये खिडकीशी जाऊन बसल्या. कंडक्टरनं दोनदा विचारलं तेव्हा तिकीट काढलं.

घरी रतनभाऊंनी चेहरा बघितला आणि टीव्ही बंद केला. जे कधी होत नसे.

"काय झालं? कापलं?"

"नाही."

"मग?"

"दोन्ही पाय डावे केले."

रतनभाऊ क्षणभर बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. मग ते हसायला लागले. आधी तोंड दाबून, मग मोकळेच. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. नंदाताई संतापानं लाल झाल्या, पण काम सोडल्यापासून हा माणूस असा एकदाही हसला नव्हता, हेही त्यांच्या ध्यानात आलं.

"ऐक, ऐक," ते डोळे पुसत म्हणाले. "राजवाड्याचा सेट होता. मोठा दरवाजा, दोन झडपांचा. मी दोन्ही डाव्या केल्या. सकाळी शूटिंग! शेवटी एक झडप उघडी धरून तिच्यासमोर पडदा सोडला. दीड वर्ष ती मालिका चालली, दीड वर्ष तो राजा एकाच बाजूनं आत आला. कुणाला कळलं नाही."

नंदाताईंना हसू आवरेना. दोघंही हसले. मग रतनभाऊ म्हणाले, "एवढं काय त्यात? खाचेत पुट्टी भर, वरून रंग मार. कॅमेऱ्याला दिसत नाही."

"माझ्या पेटीसमोर कॅमेरा नाहीये, अहो. त्यात गोधड्या राहणार आहेत."

रतनभाऊ उठून स्वयंपाकघरात गेले, काडेपेटी आणि फूटपट्टी घेऊन आले आणि टेबलावर मांडली. "त्या फळीचा उरलेला तुकडा आहे का? त्याच फळीचा?"

"असेल. मीरा काही टाकत नाही."

"मग त्यातून पट्टी काढ. खाचेत गच्च बसेल अशी. रेषा ज्या दिशेला पायाच्या, त्याच दिशेला पट्टीच्या. सरसानं चिकटव, सुकली की रंध्यानं सपाट. पाय पुन्हा कोरा झाला. मग दुसऱ्या अंगाला नवी खाच पाड. हा जो तुझा डावा, तो उजवा झाला." ते काडेपेटी इकडून तिकडे फिरवून दाखवत होते. "हे पुट्टीसारखं नाही. हे टिकतं. माझ्या बापानं बैलगाडीचं जू असंच दुरुस्त केलं होतं, हिंगोलीला."

"तुम्ही चला ना रविवारी."

"मी? मला काय शिकवणार ती?"

"तुम्हाला कोण शिकवतंय? माझी पिशवी धरायला चला."

पाचव्या रविवारी रतनभाऊ गेले. गाळ्याच्या दारात ते थोडे अडखळले. नंदाताईंनी "हे आमचे मिस्टर" एवढंच सांगितलं. मीरानं स्टूल दिलं, चहा दिला आणि पट्टीची कल्पना ऐकून म्हणाली, "मी नवीन फळीच्या मागे लागले, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं."

रतनभाऊंनी पिशवीतून एक जुना रुमाल काढला. त्यात गुंडाळलेली पटाशी होती, मुठीचं लाकूड हाताच्या घामानं काळं पडलेलं. माळ्यावरच्या पिशवीतली. ती त्यांनी नंदाताईंकडे केली, मूठ पुढे करून.

"घे. सांभाळून. हिची धार जास्त आहे."

नंदाताईंनी ती घेतली. पट्टी काढली, घासली, बसवून बघितली. एका टोकाला केसाएवढी फट राहिली. रतनभाऊंना राहवेना. ते स्टुलावरून उठले, हात पुढे आला.

"हात मागे!" नंदाताई म्हणाल्या.

तो कोर्टातला आवाज होता. सबंध गाळ्यात हत्यारं थांबली. चंद्रप्रकाशांनी तर दोन्ही हात पाठीमागे घेतले. मग परेश खो खो हसत सुटला आणि त्याच्यामागून सगळे. रतनभाऊही हसले आणि हाताची घडी घालून बसले. "बरं बाई. डावीकडून आणखी किंचित घास. तोंडानं सांगायला तरी परवानगी आहे ना?"

पट्टी बसली. ती सुकेपर्यंत मीरा सगळ्यांना खुंटी कशी मारायची ते दाखवत होती. तिनं जीभ खाचेत घातली, पायातून भोक पाडलं, त्या भोकातून जिभेवर खूण केली, जीभ बाहेर काढली, आणि जिभेवरचं भोक खुणेच्या किंचित बाजूला पाडलं. नखाएवढं.

"चुकलं पोरी," रतनभाऊ म्हणाले. "भोकं समोरासमोर नाही आली."

"मुद्दाम, काका. बघा."

तिनं जीभ परत आत घातली, खुंटीचं निमुळतं टोक भोकात टेकवलं आणि लाकडी हातोड्यानं ठोकलं. खुंटी वाकडी वाट काढत आत जाऊ लागली तशी तिच्याबरोबर जीभही आत ओढली गेली. पाय आणि फळी यांच्यामधली बारीक काळी रेघ डोळ्यांदेखत मिटली. सरस नाही, काही नाही. मीरानं ते जोडकाम उचलून जमिनीवर आपटलं, तरी हललं नाही.

रतनभाऊ गुडघ्यांची तक्रार विसरून खाली बसले होते. त्यांनी जोडावर बोट फिरवलं.

"परत दाखव ना," ते म्हणाले.

मीरानं परत दाखवलं. तिसऱ्या वेळी हातोडा त्यांनी मागून घेतला. खुंटी ठोकली, कान देऊन आवाज ऐकला. प्रत्येक ठोक्याला आवाज घट्ट होत गेला. "बत्तीस वर्षं," ते कुणाला तरी म्हणाले, बहुधा स्वतःलाच. "बत्तीस वर्षांत हे कुणी सांगितलं नाही मला."

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा त्यांनी घेतली. पवई तलाव मागे पडल्यावर बोलले.

"आमच्याकडे खिळा असायचा आणि वेळ नसायचा. शूटिंग संपलं की दुसऱ्या दिवशी आम्हीच तोडायचो. फळ्या पुढच्या सेटला."

"वाईट वाटायचं?"

"तेव्हा नाही. तेव्हा पुढचा सेट असायचा." मग म्हणाले, "आता कधी कधी वाटतं, एक तरी दरवाजा कुठं उभा असता तर प्रियंकाला दाखवला असता."

नंदाताईंनी त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. त्याला सागाचा वास येत होता.

सहाव्या रविवारी पेट्या उभ्या करायच्या होत्या. नंदाताईंनी आठवडाभर मीराच्या परवानगीनं रोज दुपारी मुलुंडला जाऊन नवी खाच पाडली होती, त्यामुळे दुपारपर्यंत त्यांची पेटी चारी पायांवर उभी राहिली. झाकण उजवीकडे थोडं अडकत होतं, दोन वेळा रंधा फिरवला आणि ते सुटलं. परेशची पेटी सर्वांत मोठी, आईनं माप पाठवलं होतं म्हणे. ती बरोबर बसली तेव्हा तो स्वतःच आत जाऊन बसला आणि परेशच्या पेटीत परेश असा फोटो सगळ्यांनी काढून घेतला.

राहिले चंद्रप्रकाश. त्यांचा एकेक तुकडा असा नेमका की बघत राहावा, पण तुकडेच. दोन पायांना अजून भोकं नव्हती, खुंट्या तासायच्या होत्या, तळाच्या फळ्या तशाच पडलेल्या. चार वाजले होते आणि साडेसहाला गाळा बंद होणार होता.

"माझं राहू द्या," ते चष्मा पुसत म्हणाले. "मी तुकडे घरी घेऊन जातो. हळूहळू करीन."

ते हळूहळू कधीच होणार नाही हे सगळ्यांना कळत होतं, त्यांनाही.

रतनभाऊ स्टुलावरून उठले. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि मीराकडे बघितलं. "पोरी, तुझी परवानगी असेल तर?"

"घ्या ना, काका."

मग गाळ्यातल्या लोकांना वेगळाच माणूस बघायला मिळाला. रतनभाऊंनी आठ जणांकडे एक नजर टाकली आणि कामं वाटली. "परेश, तू भोकं. गिरमिट सरळ धर, मी कोन बघतो. तुम्ही दोघं खुंट्या तासा, सोळा हव्यात, वर दोन जास्त. नंदा, तळाच्या फळ्यांच्या कडा तुझ्याकडे, तुझा रंधा साफ चालतो. चंद्रप्रकाश, तुम्ही फक्त माप बघा. पण एकदाच! दुसऱ्यांदा पट्टी लावलीत तर पट्टी जप्त." सगळे हसले आणि कामाला लागले. "चला चला, पंधरा मिनिटांत राजा येतोय! दरवाजा लागला पाहिजे!" ते कुणावर ओरडत नव्हते, फक्त कुणाच्या हातात काय नाही ते त्यांना आधीच दिसायचं. हातोडा हवा असायचा तेव्हा तो शेजारी असायचा. मीरासुद्धा मुकाट्यानं खुंट्या तासत होती.

सहा वाजून दहा मिनिटांनी चंद्रप्रकाशांची पेटी उभी राहिली. त्यांनी झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग पट्टी काढली, पेटीला लावायला गेले, आणि रतनभाऊंकडे बघून खिशात परत ठेवली. "नको," ते म्हणाले. "बरोबरच असणार." टाळ्या एवढ्या जोरात झाल्या की पुठ्ठेवाले पुन्हा डोकावून गेले.

पेटी टेम्पोनं दिंडोशीला आली. लिफ्टमध्ये आडवी मावेना, उभी मावेना. शेवटी चौघांनी जिन्यानं चौथ्या मजल्यापर्यंत नेली आणि प्रत्येक मजल्यावर दारं उघडून लोकांनी विचारलं की आत काय आहे. "काही नाही," नंदाताई सांगत, "आत काहीच नाही, बाहेरूनच बघायची आहे. हात लावा, लावा." दुरुस्तीची पट्टी बाकीच्या लाकडाहून किंचित गडद दिसत होती. रतनभाऊंना तिच्यावर पॉलिश मारून रंग मिळवायचा होता, एका दिवसाचं काम, कुणाला कळलं नसतं. नंदाताईंनी हात लावू दिला नाही. आल्यागेल्याला त्या आधी तीच दाखवत. "इथं चुकले होते. हा पाय आधी डावा होता." प्रियंका आली तेव्हा तिला आईनं चूक दाखवली आणि वडिलांनी खुंट्या दाखवल्या, प्रत्येक खुंटी, एकेक करून. तिला दोघांचंही एकाच वेळी ऐकावं लागलं.

जानेवारीच्या बॅचच्या यादीत मीरानं एक नाव लिहिलं, रतन शेजवळ, आणि त्या नावाची फी घेतली नाही. रतनभाऊंनी हट्टानं दिली. शिकायचं तर शिकणाऱ्यासारखं शिकायचं, म्हणाले.

तेवढ्यात कॉलनीतल्या विहाराच्या महिला मंडळाची तेजल घरी आली. विहाराची पुस्तकं पत्र्याच्या ट्रंकेत होती आणि ट्रंकेचा तळ गंजून पुस्तकांना डाग पडायला लागले होते. तिनं हॉलमधली पेटी बघितली, झाकण उघडून आत हात घातला आणि विचारलं, "नंदामावशी, अशी विहाराला मिळेल का? एवढीच मोठी. मुलांना उघडता येईल अशी."

"मिळेल," नंदाताई म्हणाल्या. रतनभाऊंकडे न बघता म्हणाल्या.

फळ्या परेशनं आणल्या, बर्फाच्या टेम्पोतून, ताडपत्रीत गुंडाळून. कॉलनीच्या गच्चीवर सेक्रेटरीनं एक कोपरा दिला होता. रविवारची सकाळ होती. नंदाताईंनी फळ्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या आणि प्रत्येकीवर खडूनं मोठ्ठं अक्षर काढलं. रतनभाऊ एका फळीपाशी थांबले.

"ही पुढे लाव. रेषा सुंदर आहेत हिच्या."

"हिला गाठ आहे. ही मागे."

"अगं, गाठ म्हणजे तर शोभा. लोकांना दिसली पाहिजे."

"मुलं रोज झाकण आपटणार, गाठीतून फुटेल ती. मागे."

"मला बत्तीस वर्षं..."

"मला सहा रविवार. आणि पेटी माझी आहे."

"बरं, मग पुढे नको, खाली लाव, तळाला. तिथं कोण आपटणार?"

नंदाताईंनी फळी आडवी केली, उन्हाकडे तिरकी धरून एक डोळा मिटला आणि गाठीवरून बोट फिरवलं. तळाला चालेल असं त्यांना वाटलं, पण ते एवढ्या लवकर कबूल करायची त्यांची इच्छा नव्हती.